पास काढावा की तिकीट?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की विषय भारदस्त हवा, असा आपल्याकडे रिवाज आहे. परंतु ह्या खेपेस कार्यकारिणीने मंडळाची वही सांभाळणारीलाच उभे केले आहे, तेव्हा मी वहीतलेच बोलणार. माघातल्या मुंबईच्या सहलीसाठी प्रत्येकीला बेस्टचा एक दिवसाचा पास मंडळाच्या शिलकीतून काढून द्यावा, अशी सूचना मागच्या बैठकीत आली. दुसरी सूचना एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ ह्या पासाची होती. तिसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला की, कशाला एवढी यातायात, ‘मुंबई दर्शन’ची गाडी सांगा आणि मोकळ्या व्हा. तिन्ही सूचना करणाऱ्या भगिनी समोर बसल्या आहेत आणि निर्णय चहानंतर व्हायचा आहे. त्याआधी आकडे सर्वांच्या कानावर पडावेत, एवढ्यासाठी माझा हा खटाटोप.

कुणी म्हणेल, सहलीच्या पासावर भाषण कसले करायचे! पण आपल्यातल्या कित्येकींनी मुंबई कशी पाहिली आहे ते आठवा. मांडव्याच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसायचे, गेटवेला उतरायचे, तडक इस्पितळाची वाट धरायची, दिवसभर केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळच्या लाँचने परत. वीस-वीस वर्षे मुंबईला जाऊन राणीची बाग न पाहिलेल्या बायका आपल्या मंडळात आहेत. चाळीस कोसांवर नाही, डोळ्यांसमोर आहे हो मुंबई. रात्री मांडव्याला उभे राहिले तर तिचे दिवे दिसतात. वाडीतली कामे, घरातली आजारपणे, मुलांच्या परीक्षा ह्यांतून वर्षाकाठी एक दिवस निघतो. तो कसा घालवावा आणि त्यासाठी कुणाचे किती पैसे जावेत, हा प्रश्न मला तरी लहान वाटत नाही.

प्रथम एसटीच्या पासाचे पाहू. ही योजना १९८८ सालापासूनची. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढला की ठरलेल्या प्रकारच्या गाडीने राज्यात हवे तिकडे हिंडता येते. योजना उत्तम आहे. अष्टविनायक, पंढरपूर, कोल्हापूर, तुळजापूर अशा यात्रा तिच्यावर हजारो लोकांनी केल्या आहेत. परंतु ती ज्या काळात निघाली त्या काळात पुरुषाचे आणि बाईचे तिकीट एकच होते. आता तसे नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत बायकांना अर्धे भाडे आहे. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील सर्वांना प्रवास मोफत झाला. आणि पासाचे दरपत्रक पाहाल तर त्यात रकाने दोनच: प्रौढ आणि मूल. बाईचा रकानाच नाही!

ह्याचा अर्थ काय होतो ते आकड्यांत सांगते. २०२३ साली साध्या गाडीचा चार दिवसांचा पास १,१७० रुपयांना होता. तेव्हा साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला ८ रुपये ७० पैसे होते. पुरुषाला पासाचे पैसे फिटायला चार दिवसांत सुमारे आठशे किलोमीटर प्रवास करावा लागे, म्हणजे रोज दोनशे. यात्रेला निघालेला माणूस तेवढा करतो. पण आपण अर्ध्या भाड्याच्या. आपले पैसे फिटायला सोळाशे किलोमीटर हवेत. रोज चारशे! म्हणजे सकाळी उठून गाडीत बसायचे ते झोपायलाच उतरायचे. देवाचे दर्शन खिडकीतून. पुढे जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले, टप्पा १० रुपये ५ पैशांचा झाला, पासाचे दरही बदलत गेले; तेव्हा आजचा आकडा आगाराच्या खिडकीवर विचारूनच घ्यावा. रीत मात्र तीच. पासाच्या किमतीची दुप्पट करायची, तिला टप्प्याच्या भाड्याने भागायचे आणि सहाने गुणायचे. जे किलोमीटर येतील ते आपल्या कंबरेला झेपतात का, एवढे पाहायचे. आणि आपल्या ज्या तीन आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यांना पास देणे म्हणजे फुकट मिळणारी वस्तू विकत घेऊन देणे होय. तेव्हा ही सूचना ज्या भगिनीने केली तिचा आदर राखून सांगते की, यजमानांसाठी तिने हा पास अवश्य काढावा, स्वतःसाठी काढू नये.

आता बेस्टचा पास. हा खरा शहर पाहण्याचा पास, आणि ह्याचा हिशेब जरा बारकाईने करायला हवा, कारण वरवर पाहता तो फार स्वस्त दिसतो. मे २०२५ मध्ये बेस्टने भाडी वाढवली. पहिल्या पाच किलोमीटरला साध्या गाडीत ५ चे १० रुपये झाले आणि थंड गाडीत ६ चे १२. दहा किलोमीटरपर्यंत साध्याला १५ आणि थंडला २०. दिवसाचा पास ६० वरून ७५ वर गेला. गंमत पाहा: तिकीट दुप्पट झाले, पास मात्र सव्वापटच. म्हणून मुंबईतल्या माझ्या वहिनी म्हणतात की, आता पासच परवडतो. त्यांचे खरे आहे. त्या बोरिवलीहून निघतात, दोनदा गाडी बदलतात, येताना पुन्हा तेच. लांबच्या पल्ल्याला थंड गाडीत तीस-पस्तीस रुपये पडतात, त्यांचा पास दुपारीच फिटतो.

आपले तसे नाही. आपण उतरणार गेटवेला, आणि पाहण्यासारखी निम्मी मुंबई तिथून चालत जाण्यासारखी आहे. खुद्द गेटवे १९२४ सालचा. लाँचमधून उतरताना आपण त्याच्याच पायाशी असतो. वस्तुसंग्रहालय तिथून दहा मिनिटांवर. पुढे विद्यापीठाचा राजाबाई मनोरा, हुतात्मा चौक, आणि रमतगमत गेलात तर बोरीबंदरचे स्टेशन, ज्याला जगाच्या वारशाच्या यादीत २००४ साली स्थान मिळाले. ह्या भागात गाडीची गरजच नाही. गरज पडते ती पुढे. मी आपल्या सहलीचा मार्ग कागदावर मांडला: गेटवे ते राणीची बाग, तिथून महालक्ष्मी, महालक्ष्मीहून गिरगाव चौपाटी, चौपाटीहून परत गेटवे. चार प्रवास. पहिला पाच किलोमीटरच्या वरचा, बाकीचे साधारण त्याच्या आतले. सगळ्या थंड गाड्याच मिळाल्या असे धरले तरी २०, १२, १२ आणि १२, मिळून ५६ रुपये. साध्या मिळाल्या तर १५ आणि तीनदा १०, म्हणजे ४५. पास ७५ चा. बत्तीस जणींचे पास २,४०० रुपये होतात. तिकिटे काढली तर जास्तीत जास्त १,७९२. अंतर ६०८ रुपयांचे.

पास फिटवायचा असेल तर थंड गाडीचे जवळचे सात प्रवास करावे लागतील, साध्या गाडीचे आठ. आता घड्याळ पाहा. आपण रेवदंड्याहून अंधारात निघालो तरी अलिबाग, मांडवा करीत गेटवेला पोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. संध्याकाळची लाँच चुकवून चालत नाही. पाचच्या सुमारास गेटवेला परत यायचे, म्हणजे हाती साडेसात-आठ तास. थांब्यावर वाट पाहणे आणि प्रवास मिळून एका खेपेला पाऊण तास धरा, मुंबईत तो कमीच पडेल. सात खेपांचे सव्वापाच तास झाले! उरल्या दोन-अडीच तासांत जेवायचे कधी, पाहायचे कधी आणि बाकावर टेकायचे कधी? पासाचा दिवस मुंबईकराचा असतो, सकाळी पहिल्या गाडीपासून रात्री शेवटच्या गाडीपर्यंत. आपला दिवस लाँचच्या दोन भोंग्यांमधला.

पासाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर माझ्यावर कंजूषपणाचा आरोप येईल. तिकीट काढणाऱ्या बाईला धाकधूक असते की, चुकीच्या गाडीत चढले तर पैसे गेले. पास असला की ती धाकधूक जाते. चढलो, पाटी पाहिली, आपली गाडी नाही असे कळले, पुढच्या थांब्यावर उतरलो. ज्या बाईने कधी एकटीने शहरात गाडी धरली नाही, तिला ह्या निर्धास्तपणाचे मोल वीस रुपये नक्कीच आहे, आणि ती एकटीदुकटी जाणार असेल तर मी तिला पासच काढायला सांगेन. इस्पितळात कुणी असेल आणि डबा घेऊन दिवसातून चार-पाच फेऱ्या घालायच्या असतील, तर पासासारखी सोय नाही. परंतु आपण बत्तीस जणी एकत्र जाणार. त्यांतल्या सहा-सातजणींची माहेरे मुंबईची. चुकायला वाव कुठे आहे? शिवाय पास ज्याचा त्याने आपल्या मोबाइलवर किंवा कार्डावर घ्यायचा असतो. माझा उतरल्यावर तुम्हाला देता येत नाही. आपल्यातल्या निम्म्या जणींचा फोन नातवाच्या हातात असतो, हे काही मी नव्याने सांगायला नको. तो पास लोकलला चालत नाही आणि नव्या भुयारी मेट्रोलाही चालत नाही. ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. गिरगाव, महालक्ष्मी, सिद्धिविनायक ही तिचीच स्थानके. एकदा हौसेने तीत बसायचे म्हटले की तिचे तिकीट निराळे. लोकलचे प्रवासी पास आणखी निराळे, ते एक, तीन व पाच दिवसांचे मिळतात. ज्या लेकीकडे चार दिवस राहणार असतील त्यांनी त्यांची चौकशी जरूर करावी.

टॅक्सीचा हिशेब ऐकून तुम्हाला नवल वाटेल. काळ्यापिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. चौघी बसल्या तर माणशी आठ रुपयांच्या आत. म्हणजे बेस्टच्या सर्वांत कमी तिकिटापेक्षाही कमी! पाच किलोमीटरला मात्र तीच टॅक्सी शंभराच्या वर जाते आणि माणशी सव्वीस पडतात. तेव्हा जवळ जायचे आणि गुडघे दुखत असतील तर चौघींची टॅक्सी, लांब जायचे तर बस. हे सूत्र मी वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवले आहे.

माझी एक भाची पॅरिसला असते. तिथे संग्रहालयांचा एक पास मिळतो, दोन, चार किंवा सहा दिवसांचा, आणि त्यावर पन्नासांहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळतो. तिकडे तो परवडतो, कारण नुसत्या लूव्र संग्रहालयाचे तिकीट २०२४ साली २२ युरो झाले, आपले जवळजवळ दोन हजार रुपये. अशी तीन-चार पाहिली की पास फिटला. पण भाची म्हणते, पास काढलेली माणसे तिथे ओळखू येतात, कारण ती चित्रांकडे न पाहता घड्याळाकडे पाहत असतात. पैसे वसूल करायचे असतात ना! आपल्या मुंबईत पाहण्याला पैसेच पडत नाहीत म्हटले तरी चालेल. गेटवे, मरीन ड्राइव्ह, चौपाटी, मलबार हिलवरची बाग, गांधीजींचे मणिभवन, देवळे, चैत्यभूमी, सारे विनामूल्य. राणीच्या बागेला मोठ्या माणसास पन्नास रुपये. घारापुरीच्या लेण्यांचे तिकीट चाळीस. मग प्रवेशाचा पास घ्यायचा कशासाठी? म्हणून पॅरिसचा न्याय मुंबईला लावू नये.

घारापुरीवरून एक आठवले. ती लेणी आपल्याच रायगड जिल्ह्यात आहेत, उरण तालुक्यात. तरी आपण समुद्र ओलांडून मुंबईला जाणार, तिथून दुसऱ्या लाँचमध्ये बसणार आणि पुन्हा रायगडातच उतरणार! लेणी अप्रतिम आहेत, १९८७ पासून तीही जगाच्या वारशात आहेत. पण वर जायला शंभराच्या वर पायऱ्या आहेत आणि जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. तो बेत निराळा करावा, ह्या सहलीत कोंबू नये.

मुंबई दर्शनच्या गाडीबद्दल थोडक्यात सांगते. मी एकदा अशा एका खाजगी गाडीने गेले आहे, कुणाची ते सांगत नाही. गाडी दहा ठिकाणे दाखवते म्हणतात, पण त्यांतली चार गाडीतूनच दाखवतात. ‘डावीकडे पाहा’ म्हणेपर्यंत ते उजवीकडे गेलेले असते. जेवायला ज्या खाणावळीपुढे थांबवले तिथे ताटाचे भाव पाहून आम्ही शेंगदाणे खाल्ले. सर्वच गाड्या अशा असतात असे नाही. ज्यांना चालवत नाही त्यांना बसून शहर पाहायला ती सोयीचीच. आपल्या मंडळातल्या चालत्याबोलत्या बायकांना ती कशाला?

ज्याकडे कुठलाच पास लक्ष देत नाही, अशी गोष्ट म्हणजे वार. राणीची बाग बुधवारी बंद. तिच्याच आवारातले भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. घारापुरी सोमवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग, शुक्रवारी महालक्ष्मीला रांग. बुधवारी गेलो असतो तर पंचाहत्तराचा पास हातात घेऊन बागेचे कुलूप पाहून आलो असतो. म्हणून मी गुरुवार सुचवते. आणि लाँच! आपल्या लाँचा मेअखेर ते ऑगस्टअखेर बंदच असतात. एरवीही वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट आहे, तिचा आधार असतो, पण तीही समुद्राचे ऐकूनच निघते. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, तिच्या आठवणी ज्यांच्या घरांत अजून सांगितल्या जातात, त्यांना ह्यावर अधिक सांगायला नको. आयत्या वेळी बेत बदलला तर न काढलेल्या तिकिटाचे काही जात नाही. आधी काढलेल्या पासाचे पैसे मात्र अडकून बसतात.

दोन पैसे जिथे अवश्य खर्चावेत असे मला वाटते ती जागा निराळी आहे. मोठ्या संग्रहालयाचे तिकीट महाग वाटले तरी ज्यांना हवे त्यांनी काढावे. मूर्ती आणि चित्रे तर पाहावीतच, पण बायकांच्या सहलीला स्वच्छ मोरी, पिण्याचे पाणी आणि सावलीतला बाक ह्यांची किती गरज असते, हे सहलीचे बेत आखणारे पुरुष कधी लक्षात घेत नाहीत. दुपारी दोन वाजता शहरात ह्या तीन गोष्टी एका ठिकाणी शोधून पाहा, म्हणजे कळेल. राणीच्या बागेचे पन्नास रुपये मी ह्याच खात्यात धरले आहेत. पेंग्विन वरचा नफा!

आता त्या ६०८ रुपयांचे. मी नावे घेणार नाही आणि कुणी विचारूही नयेत. सहलीच्या यादीत आधी नाव देऊन मग ‘घरी पाहुणे यायचे आहेत’ म्हणून ते मागे घेतलेल्या दोघीजणी आपल्यात आहेत. पाहुणे बहुधा येणार नाहीत. ह्या वर्षी सुपारीला भाव नाही आणि एकीच्या घरातली मासळीची होडी दोन महिने दुरुस्तीला पडून आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. मंडळाची शिलक बत्तीस जणींना न लागणाऱ्या खेपांचे पैसे भरण्यात घालवायची, की त्याच पैशांत ह्या दोघींच्या लाँचच्या तिकिटाला हातभार लावायचा, हे आपण ठरवावे. चौतीस जणींची तिकिटे काढली तरी १,९०४ होतात, म्हणजे पासांच्या रकमेतून ४९६ उरतातच. उपकार केल्याचे दिसू नये म्हणून माझी सूचना अशी की, लाँचचे पैसे सर्वांचेच मंडळाने एकदम भरावेत आणि वर्गणी ज्या त्या बाईने आपल्या सवडीने, बंद पाकिटात, माझ्या वहीत न मांडता पेटीत टाकावी. पेटीत कमी पडले तर उरलेल्या रकमेतून भरून निघेल. पाकिटांवर नावे नकोत.

तेव्हा ठरावाचा मसुदा असा: सहल गुरुवारी, पास कुणाचाही नाही, बसची तिकिटे मंडळाकडून, चार गट, प्रत्येक गटात एक माहेरची मुंबईकरीण, आणि तिकिटांचे पैसे तिच्याजवळ. बेस्टच्या वाहकाला शंभराची मोड मागू नये, म्हणून दहाच्या नोटा मी आत्तापासून जमवीत आहे. कुणाकडे असतील तर चहाच्या वेळी माझ्याकडे आणून द्याव्यात, मी शंभराची देईन.